नियम कोणाच्या हाती? : सावेडीतील फलक आणि यंत्राची चित्रकला

सावेडी हे अहिल्यानगर शहराचे झपाट्याने वाढलेले उपनगर. पाइपलाइन रस्त्याने किंवा प्रोफेसर कॉलनी चौकातून भिस्तबागेकडे जाताना दोन्ही बाजूंना जे फ्लेक्स फलक दिसतात, त्यांचे रूप गेल्या दोन-तीन वर्षांत पालटले आहे, हे आमच्या वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. वाढदिवसाच्या शुभेच्छा, शिकवणी वर्गांच्या जाहिराती, सणांची निमंत्रणे यांवरील चित्रे आता कमालीची गुळगुळीत, तेजाने न्हालेली आणि एकमेकांसारखी भासतात. नाताळच्या दिवसांत भ्रमणध्वनीवर येणारी गोठ्यातील बाळ येशूची चित्रे पाहा, किंवा सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउली यात्रेच्या सुमारास फिरणारी पवित्र मरियेची चित्रे पाहा. त्यांतील पुष्कळशी कोणाही चित्रकाराने काढलेली नसतात. हवे ते चार ओळींत लिहून द्यायचे आणि काही क्षणांत संगणकाने चित्र पुढे करायचे, असा हा व्यवहार आहे.

या घडामोडीकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा रूढ झाल्या आहेत. एक कौतुकाची, दुसरी भयाची. दोन्ही आम्हांला अपुऱ्या वाटतात, कारण दोन्हींमध्ये यंत्राने चित्र काढणे हीच नवलाची गोष्ट मानलेली असते. वस्तुतः ठरावीक नियमांनी चित्र घडविणे ही फार जुनी विद्या आहे आणि ती आपल्या उंबरठ्यावरच नांदत आली आहे. तो नियम कोणाला ठाऊक असतो, कोणाला बदलता येतो आणि कोणाच्या मालकीचा असतो, हा आजचा प्रश्न आहे. केंद्र सरकारने गेल्या काही महिन्यांत या संदर्भात दोन महत्त्वाची पावले टाकली आहेत. त्यांचा विचार करण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

ठिपक्यांची रांगोळी घ्या. रांगोळीच्या पुस्तिकेत नक्षीखाली 'पंधरा ते आठ ठिपके' एवढेच लिहिलेले असते. ज्या गृहिणीला ही परिभाषा ठाऊक आहे तिला अधिक काही सांगावे लागत नाही. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, तिच्या वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, ठिपका मागच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या मध्ये, आणि आठावर थांबायचे. हे एकूण १६९ ठिपके होतात आणि त्यांचा षट्कोन बनतो. 'अकरा ते सहा' म्हटले की ९१. हाताशी छिद्रांचा कागद असला तर काम सोपे. नसला तरी बोटांना अंतर ठाऊक असते. मग कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा याचा एक लहानसा नियम, आणि तोच नियम सहा दिशांना फिरवून लावला की फूल, चांदणी, कासव उमटते. संगणकशास्त्रात ज्याला अल्गोरिदम म्हणतात, म्हणजे ठरावीक क्रमाने करावयाच्या कृतींची यादी, ते याहून निराळे काही नसते. नाताळच्या सकाळी आपल्यापैकी अनेकांच्या दारी ही यादी कोणी न वाचता पार पाडली जाते.

हे साम्य आम्ही ओढूनताणून काढलेले नाही. चेन्नईजवळ तांबरम येथील मद्रास ख्रिश्चन कॉलेजात संख्याशास्त्राचे अध्यापन करणारे प्रा. गिफ्ट सिरोमनी यांनी तमिळ अंगणांतील कोलमचा याच दृष्टीने अभ्यास केला. १९७४ साली त्यांनी रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांच्यासह कोलमच्या नक्षीचे व्याकरण मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. वाक्याला जसे व्याकरण असते तसे चित्राला असू शकते, थोड्या नियमांतून असंख्य शुद्ध चित्रे निर्माण होऊ शकतात, हे त्यांनी गणिताच्या भाषेत दाखविले. वनस्पतींची वाढ सूत्रबद्ध करण्यासाठी आरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली रचलेल्या पद्धतीनेही पुढे कोलम काढून पाहण्यात आले. 'कृष्णाचे पैंजण' नावाची एक पारंपरिक नक्षी त्या पद्धतीचे उदाहरण म्हणून जगभरच्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची झाली. याच कालखंडात युरोपात संगणकाकडून चित्रे काढून घेण्याचे प्रयोग सुरू होते. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे १९६५ साली गेऑर्ग नेस यांनी अशा चित्रांचे प्रदर्शन भरविले होते. पॅरिसला स्थायिक झालेल्या व्हेरा मोल्नार या चित्रकर्तीने तर संगणक हाती येण्यापूर्वीच, आपण यंत्र आहोत अशी कल्पना करून, स्वतःला नियम घालून घेऊन रेखाटने केली होती. जनरेटिव्ह आर्ट, म्हणजे नियमांतून उपजणारी कला, हे नाव या प्रवाहाला पुढे मिळाले. आपल्या आज्यांना ते नाव ठाऊक नव्हते, इतकेच.

या कलेचा जो धागा मराठी माणसाच्या रोजच्या जीवनाशी सर्वाधिक घट्ट बांधलेला आहे, तो मात्र चित्राचा नसून अक्षराचा आहे, आणि त्याची सुरुवात एका येशूसंघीय धर्मगुरूच्या अडचणीत सापडते. 'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात एक खंत व्यक्त केली होती. या भूमीच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. परंतु युरोपात चोवीस अक्षरांच्या साच्यांवर जे काम भागते, त्यासाठी येथे सहाशे साचे ओतावे लागतील आणि ते अशक्यप्राय वाटते, असे त्यांनी कळविले. परिणाम आपण जाणतो. १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले गेले ते रोमन लिपीत. मराठीच्या थोरवीची इतक्या प्रेमाने साक्ष देणारा ग्रंथ मराठीच्या लिपीत छापता आला नाही.

सहाशे हा आकडा जोडाक्षरांमुळे येतो. प्रत्येक जोडाक्षर हा स्वतंत्र आकार मानला तर यादी संपत नाही. पण जोडाक्षर हा नियम मानला, म्हणजे अमुक व्यंजनाचा अर्धा भाग अमुक रीतीने पुढील व्यंजनाला जोडला जातो असे सांगता आले, तर सहाशे साच्यांऐवजी मोजके घटक आणि मोजके नियम पुरतात. खिळ्यांच्या छपाईत तुकडे जुळवून हे काही अंशी साधले गेले. पूर्णत्वाने साधले ते संगणकाने. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्रा. डोनाल्ड कनुथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'मेटाफॉन्ट' नावाची आज्ञावली रचली. अक्षराचे चित्र साठवून ठेवण्याऐवजी लेखणी कोठून कोठे, कोणत्या जाडीने फिरवायची याचे वर्णन लिहायचे, आणि जाडी, उंची, कल या संख्या बदलल्या की त्याच वर्णनातून अक्षरांचा नवा संच निघावा, ही त्यामागची कल्पना होती. मुंबईचे संशोधक पिजूष घोष यांनी १९८३ साली स्टॅनफर्ड येथे भारतीय लिप्यांच्या अक्षरआरेखनावर याच दिशेने केलेले काम प्रसिद्ध झाले. मुंबईतच र. कृ. जोशी, म्हणजे कवी आणि सुलेखनकार म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले तेच जोशी, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत भारतीय लिप्यांच्या संगणकीय अक्षरांवर काम करीत होते. विंडोज प्रणालीबरोबर घरोघरी पोहोचलेला 'मंगल' हा अक्षरसंच त्यांचा. २००८ साली त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या कनुथ यांनी अक्षरे गणिताच्या स्वाधीन केली, त्यांनीच पवित्र शास्त्रातील प्रत्येक पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील सोळावे वचन घेऊन त्यावर एक अभ्यासग्रंथ लिहिला, आणि ती वचने मात्र संगणकाकडून न काढता जगभरच्या सुलेखनकारांकडून हाताने लिहवून घेतली. कोणत्या ठिकाणी नियम पुरेसा आहे आणि कोणत्या ठिकाणी हात हवा, याचा विवेक त्या यंत्राच्या निर्मात्यापाशी होता.

आता प्रस्तुत लेखाच्या मुद्द्याकडे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मराठी संकेतस्थळे वाचताना काय होत असे, हे जुन्या वाचकांना आठवेल. पान उघडावे तो अगम्य चिन्हांची रांग समोर यावी, आणि कोपऱ्यात 'आमचा फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना असावी. प्रत्येक कंपनीचे सांकेतिक कोष्टक वेगळे आणि ते तिच्या मालकीचे. एका अक्षरसंचात जुळविलेला मजकूर दुसऱ्यात कचरा ठरे. कितीतरी धर्मग्रामांच्या जुन्या पत्रिका आजही अशाच, न उघडणाऱ्या स्वरूपात पडून आहेत. युनिकोड सर्वत्र रुजले तेव्हा हा घोळ मिटला, कारण युनिकोडचे कोष्टक आणि जोडाक्षरे घडविण्याचे नियम सर्वांना खुले आहेत. 'ख्रिस्त' हा शब्द आपण टंकलिखित करतो तेव्हा संगणकात सात चिन्हे एकामागोमाग साठविली जातात: ख, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी, स, हलन्त, त. त्यांतून दोन जोडाक्षरे घडविणे आणि उच्चारात मागून येणारी वेलांटी लिहिताना पुढे आणून बसविणे, हे नियम पाळूनच होते, दर वेळी, नव्याने. फादर स्टीफन्स यांची सहाशे साच्यांची भिंत अशी दूर झाली. आणि नियम खुला असल्यामुळे कोणीही त्यात भर घालू शकला. मुंबईच्या 'एक टाइप' या समूहाने घडविलेला 'मुक्ता' हा अक्षरसंच आज सावेडीतला कोणताही डिझायनर दमडी न देता वापरू शकतो, हवा तर त्यात फेरफारही करू शकतो.

नियम खुला असला की काय होते याचे दुसरे, अधिक भव्य उदाहरण स्पेनमधील बार्सिलोना येथील साग्रादा फामिलिया अर्थात पवित्र कुटुंबाचे महामंदिर. अंतोनी गौदी यांनी १८८३ मध्ये हे काम हाती घेतले आणि १९२६ साली ट्रामच्या अपघातात त्यांचा अंत झाला तेव्हा मंदिराचा फार थोडा भाग उभा होता. गौदी यांची रीत अशी, की कमानीचा आकार ते मनाने ठरवीत नसत, गुरुत्वाकर्षणाकडून ठरवून घेत. कोलोनिया ग्युएल येथील प्रार्थनामंदिरासाठी त्यांनी छताला दोऱ्या टांगून त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या लावल्या. वजनाने दोऱ्या ज्या वक्रात स्थिरावल्या ते वक्र उलटे केले की दगडी कमानींचा सर्वांत निर्धोक आकार मिळतो. आज ज्याला सिम्युलेशन म्हणतात, म्हणजे वस्तू बांधण्यापूर्वी तिच्यावरील बलांचा खेळ प्रतिरूपात पाहणे, ते त्यांनी विजेचा दिवाही दुर्मीळ असलेल्या काळात दोरी आणि शिशावर केले. १९३६ साली स्पेनमधील यादवी युद्धाच्या प्रारंभी त्यांच्या कार्यशाळेची जाळपोळ झाली, आराखडे नष्ट झाले, प्लास्टरच्या प्रतिकृतींचे तुकडे झाले.

एखाद्या मनस्वी कलावंताचे अपुरे काम तेथेच संपले असते. परंतु गौदी यांनी आपले पृष्ठभाग सरळ रेषांच्या नियमातून घडविले होते. वेताच्या सरळ काड्या तिरप्या बांधून केलेल्या बुटक्या आसनाची कंबर जशी आपोआप आत जाते, तसे हे पृष्ठभाग दिसायला वक्र पण सरळ रेषांनीच बनलेले. त्यामुळे तुकडे मोजून मूळ सूत्र शोधणे शक्य झाले. मार्क बरी हे न्यूझीलंडमध्ये वाढलेले वास्तुविशारद १९७९ पासून या कामात होते. पुढे विमाने आरेखित करण्यासाठी वापरली जाणारी संगणक प्रणाली त्यासाठी योजण्यात आली. एक संख्या बदलली की स्तंभ, खिडकी आणि घुमट परस्परांशी सुसंगत राहून एकदमच बदलावेत, असे ते आरेखन होते. २०१० मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी मंदिराचे पवित्रीकरण केले. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी गौदी यांना 'पूजनीय' ही पदवी देण्यास मान्यता दिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर या मंदिराने जगातील सर्वांत उंच चर्च हा मान मिळविला. गौदी गेल्यानंतर शंभर वर्षे अनोळखी माणसे त्यांचे काम पुढे नेऊ शकली, कारण त्यांनी आकारांबरोबर आकार घडविण्याची रीतही मागे ठेवली होती.

आता सावेडीच्या फलकावरील चित्राकडे परत या. ते घडविणाऱ्या यंत्राला कोणी नियम लिहून दिलेला नसतो. कोट्यवधी चित्रे आणि त्यांची वर्णने त्याच्यापुढे ठेवली जातात. प्रत्येक चित्रावर थोडी थोडी धूळ पाडत ते पूर्ण झाकायचे आणि ही धूळ कशी झाडावी हे यंत्राकडून घोकून घ्यायचे, असा साधारणपणे त्याचा अभ्यास चालतो. अभ्यास पुरा झाला की यंत्र निव्वळ धुळीपासून आरंभ करूनही, मागणीतील शब्दांच्या अनुरोधाने, चित्र झाडून काढू शकते. २०२२ मध्ये गाजलेल्या अशा एका प्रणालीच्या अभ्यासासाठी ज्या संग्रहाचा आधार घेतला गेला, त्या संपूर्ण संग्रहात इंटरनेटवरून वेचलेल्या सुमारे ५८५ कोटी चित्रांची नोंद होती. नियम आहे, पण तो अब्जावधी संख्यांच्या रूपात विखुरलेला आहे. तो कोणाला वाचता येत नाही, खुद्द निर्मात्यांनाही नीटसा नाही. आणि बहुतेक लोकप्रिय यंत्रांच्या बाबतीत त्या संख्या दूरदेशीच्या कंपन्यांच्या तिजोरीत असतात. रांगोळी काढणारी स्त्री पंधराचे सतरा करू शकते. फलक करविणाऱ्याला केवळ पुन्हा मागणी करता येते.

यावर असे म्हटले जाते की चित्रकारही दुसऱ्यांची चित्रे पाहूनच शिकतो. हे खरे आहे आणि या आक्षेपाला बगल देऊ नये. गोव्यात जन्मलेले कॅथलिक चित्रकार आंजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात गेले, अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले आणि नंतर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी आयुष्यभर भारतीय रूपातील ख्रिस्ती चित्रे काढली. त्यांची पवित्र मरिया साडी नेसलेली आहे, तिच्या भोवती येथील माणसे आणि येथील माती आहे. त्यांनी गुरूंकडून घेतले, परंतु कोणाकडून घेतले ते सर्वांना ठाऊक होते. शिवाय जे काढले त्याची किंमत त्यांना चुकवावी लागली. देवमातेला भारतीय स्त्रीचे रूप दिले म्हणून स्वधर्मीयांकडूनच त्यांना कठोर टीका सोसावी लागली. आज यंत्राला 'साडीतील मरिया' असे सांगितले की डझनभर चित्रे मिळतात. त्यांतील एकालाही कोणाचा रोष पत्करावा लागत नाही, कारण त्यामागे कोणीच उभे नसते. शिकणे आणि उचलणे यांतील सीमारेषा आमच्या मते येथे आहे. जो शिकतो तो आपल्या कृतीबद्दल उत्तर देण्यास बांधील राहतो.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एखाद्या लहानशा धर्मग्रामाला, बचत गटाला किंवा किराणा दुकानदाराला चित्रकार नेमणे कधीच परवडत नव्हते. त्यांना या यंत्राने हाती काहीतरी दिले आहे, आणि ते हिरावून घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्याच रस्त्यावर दुसरीही माणसे आहेत. या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्स छपाई लहान शहरांत पोहोचली तेव्हा पाट्या रंगविणाऱ्या पेंटरांच्या हातातील कुंचला सुटला. त्यांतील काही, आणि त्यांची मुले, संगणकावर अक्षरजुळणी शिकली आणि डिझायनर म्हणून छपाईच्या दुकानांत बसू लागली. आता गिऱ्हाईक भ्रमणध्वनीत तयार चित्र घेऊन येते आणि केवळ छपाईचे पैसे देते. एका पिढीत दुसऱ्यांदा हे घडत आहे.

सरकारने काय केले? ऑक्टोबर २०२५ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांतील दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध झाला. यंत्रनिर्मित चित्राच्या निदान दहा टक्के भागावर तशी ठळक सूचना असावी, असे त्यात सुचविले होते. कंपन्यांनी हरकत घेतली. १० फेब्रुवारी २०२६ रोजी अधिसूचित झालेल्या आणि २० फेब्रुवारीपासून लागू झालेल्या अंतिम नियमांत दहा टक्क्यांची अट वगळण्यात आली, परंतु ठळक सूचना आणि चित्राच्या अंतरंगात मूळ ओळखीची खूण ठेवणे बंधनकारक करण्यात आले. नित्याची रंगदुरुस्ती वगैरे त्यातून वगळलेली आहे. हे पाऊल योग्य आहे. खोट्या चेहऱ्यांनी आणि खोट्या आवाजांनी लोकांची फसवणूक होत असताना ते आवश्यकच होते. मात्र हे नियम मुळात इंटरनेटवरील मध्यस्थांसाठी आहेत. चित्र कागदावर किंवा फ्लेक्सवर उतरले की अंतरंगातील खूण उरत नाही आणि कोपऱ्यातील सूचना कात्रीने सहज जाते. चौकातल्या फलकापर्यंत हा कायदा व्यवहारात पोहोचत नाही.

दुसरे पाऊल अधिक दूरगामी आहे, आणि वर्तमानपत्रांत त्याची चर्चा फारच थोडी झाली. उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने नेमलेल्या समितीचा मसुदा डिसेंबर २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवण्यात आला. स्वामित्वहक्क असलेल्या, कायदेशीर मार्गाने उपलब्ध झालेल्या सर्व कृती यंत्राच्या अभ्यासासाठी वापरण्याची सक्तीची परवानगी कंपन्यांना असावी. त्यांनी उत्पन्नाचा काही हिस्सा एका मध्यवर्ती संस्थेकडे भरावा. त्या संस्थेने तो कलावंतांना वाटावा. असा हा प्रस्ताव आहे. कलावंताला 'माझे चित्र घेऊ नका' असे म्हणण्याचा अधिकार त्यात नाही. पैसे मिळण्याचा अधिकार आहे. काहीच न मिळण्यापेक्षा हे बरे, असे मानणाऱ्यांशी आम्ही भांडणार नाही. आमची शंका वाटपाविषयी आहे. ज्याचे नाव नोंदलेले आहे त्याला वाटा मिळेल. ज्या कलेला एकच एक कर्ता नाही तिचे काय?

वारली चित्रांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ही चित्रे मुळात लग्नाच्या प्रसंगी सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढावयाची. त्यांतील चौकाला, त्यातील पालघट देवीला विधीत स्थान आहे. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि जगापुढे आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक लाभला. पण भौगोलिक निर्देशांक नावाला संरक्षण देतो. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांतून माणूस, डोंगर आणि पवित्र जागा घडविण्याची जी रीत, तिला तो अडवू शकत नाही. स्वामित्वहक्काचा कायदाही शैलीला हात लावत नाही. मार्च २०२५ मध्ये एका जपानी चित्रपटसंस्थेच्या शैलीतील चित्रांचा जो पूर आला, त्यात आपल्यापैकीही अनेकांनी आपापली कौटुंबिक छायाचित्रे ओतली. त्या वेळी निदान त्या संस्थेचे नाव घेतले गेले. तारप्याभोवती फेर धरलेली यंत्रनिर्मित वारली माणसे शुभेच्छापत्रांवर आणि गोठ्याच्या देखाव्यांवर येतात तेव्हा तेवढेही होत नाही. आमच्या धर्मप्रांताच्या डोंगराळ भागांत वारली बांधवांची वस्ती आहे. समितीच्या प्रस्तावात सामूहिक परंपरांसाठी स्वतंत्र वाटा असावा आणि तो त्या समाजांच्या संस्थांकडे जावा, ही मागणी धर्मप्रांतातील सामाजिक संस्थांनी करावयास हवी, असे आम्हांला वाटते.

ख्रिस्तसभेने या विषयात मौन पाळलेले नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी मिळून 'अंतिक्वा एत नोव्हा' हे टिपण प्रसिद्ध केले. कृत्रिम बुद्धिमत्ता ही मानवी बुद्धीची पर्यायी जात नसून तिचे एक उत्पादन आहे, आणि म्हणून तिच्या परिणामांची जबाबदारी माणसांवरच राहते, असे त्याचे सार सांगता येईल. पोप चौदावे लिओ यांनी मे २०२५ मध्ये आपले नाव निवडताना तेराव्या लिओंच्या १८९१ च्या कामगारविषयक परिपत्रकाची आठवण करून दिली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमाच्या प्रतिष्ठेपुढे उभ्या राहिलेल्या आव्हानाचा उल्लेख केला. २०२६ च्या जागतिक संपर्क दिनासाठी त्यांनी मानवी आवाज आणि चेहरे जपणे हा विषय दिला. हे सर्व खरे. पण रोममधील विधानांचा उपयोग सावेडीत व्हायचा तर तो लहान गोष्टींत होईल. सणाच्या पत्रिकेवर 'हे चित्र संगणकाने तयार केले आहे' ही ओळ कायद्याने भाग पाडलेली नसली तरी छापता येते. चित्रकाराचे चित्र असेल तर त्याचे नाव छापता येते. आजवर तेही आपण क्वचितच केले आहे. धर्मग्रामाच्या वर्षभराच्या छपाईखर्चातून निदान एक चित्र, वर्षातून एकदा, माणसाकडून काढून घेता येईल. आणि शाळांमधून मुलांना संगणक शिकविताना नुसती मागणी लिहायला न शिकविता ठिपक्यांच्या रांगोळीचा नियम स्वतः लिहून संगणकाकडून काढून घ्यायला शिकविता येईल. त्यासाठी लागणाऱ्या आज्ञावल्या मोफत मिळतात, आणि 'पंधरा ते आठ' म्हणजे काय हे सांगणारी माणसे अजून प्रत्येक घरात आहेत.

फोन्सेका यांचे निधन डिसेंबर १९६७ मध्ये झाले. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. म्हणजे २०२७ च्या अखेरीस तो संपेल आणि १ जानेवारी २०२८ पासून साडीतील ती मरिया कोणीही, कोणालाही न विचारता, काहीही न देता यंत्रापुढे ठेवू शकेल. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. त्यांतील कोणते चित्र कोणत्या वर्षी, कोणासाठी काढले आणि त्यावर त्या वेळी कोण काय बोलले, ही माहिती चित्रांच्या सोबत मराठीतही उपलब्ध करून ठेवण्यास अजून काही काळ हाताशी आहे.